जेवलास का?

'आयुष्याचा काही भरवसा नाही' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात ऐकतो, कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर स्वतः म्हणतोही. पण आपल्या घरी परत येईपर्यंत विसरून जातो. मला ते समजले माझ्या आजीमुळे.

आजीची धाकटी बहीण किल्लारीजवळच्या एका खेड्यात दिली होती. १९९३ साली गणपतीच्या दिवसांत आजी तिच्याकडे गेली. तेथे एका पातेल्यावरून दोघींची बोलाचाली झाली आणि आजी रागाने न जेवताच परतली. दिवाळीत पाहू, असे तिने मनाशी म्हटले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद. ज्या घरांनी उन्हापासून जपले तीच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आजीची बहीण त्यांतच गेली.

आज इतक्या वर्षांनीही भूकंपाचा विषय निघाला की आजी एवढेच म्हणते, "ती जेव म्हनत होती, मी जेवले न्हाई."

मित्रहो, मला एक प्रश्न पडतो. दहाव्याला, तेराव्याला आपण कामधंदा टाकून जातो. वर्षश्राद्धाची तिथी चुकू देत नाही. मग त्याच माणसासाठी तो जिवंत असताना आपल्याला वेळ का मिळत नाही? कुणी म्हणेल, सारखे मरणाचे स्मरण ठेवून का जगता येते? खरे आहे. भिऊन जगू नयेच. पण पातेल्याचे भांडण दिवाळीपर्यंत ठेवू नये, एवढे तर आपल्या हाती आहे!

आमच्यासारख्या घरांत प्रेम हा शब्द कुणी उच्चारीत नाही. माझ्या वडिलांनी कॉलेज आतून पाहिलेले नाही. माझे विषय कोणते, हे त्यांना विचारता येत नाही. म्हणून ते रोज रात्री फोनवर एकच विचारतात, "जेवलास का?" वसतिगृहातील मित्रांसमोर मला या प्रश्नाची लाज वाटे. 'हो, हो' म्हणून मी फोन ठेवीत असे. त्या प्रश्नात सगळेच आले होते, हे आजीच्या त्या एका वाक्याने मला कळले.

परवा मीच आधी विचारले, "आबा, तुम्ही जेवलात का?"

थोडा वेळ ते गप्पच होते. मग काळजीने म्हणाले, "का रं, पैसे पाहिजेत का?"

मी हसलो खरा. पण मुलाने आपली चौकशी केली तर बापाला आधी पैशाची शंका यावी, ही चूक कुणाची? ती दुरुस्त करायला कुठल्या भूकंपाची वाट पाहायची?