घड्याळ थांबवणारं बटण

माझ्या आजवरच्या नोकरीत मी लिहिलेली सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट म्हणजे एक बटण. त्यावर 'त्रुटी' असं लिहिलंय. ते दाबलं की अर्ज अर्जदाराकडे परत जातो आणि अर्जाचं घड्याळ थांबतं. लिहायला मला अर्धा दिवसही लागला नव्हता. त्या अर्ध्या दिवसाची किंमत कुणी मोजली, ते सांगायला हा लेख.

संस्थेचं नाव सांगत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं, हजारो कर्मचारी आणि तितकेच निवृत्त झालेले. त्यांच्या वैद्यकीय बिलांचा परतावा 'बीपीएम'वर आणायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. बीपीएम म्हणजे बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट. कागद कुठून निघतो, कुणाच्या टेबलावर जातो, कोण शेरा मारतो, कोण मंजुरी देतो, हे आधी आकृतीत काढायचं आणि मग ती आकृतीच कॉम्प्युटरवर चालवायची. त्यासाठी बीपीएमएन नावाची चित्रांची भाषा आहे. तिची 2.0 आवृत्ती 2011 साली आली. गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, चौकट म्हणजे काम, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे निर्णय. प्रत्येक विभागाला आपापला आडवा पट्टा, त्याला लेन म्हणतात.

आकृती सहा मीटिंगांमध्ये ठरली. त्यांत विभागप्रमुख होते, सल्लागार कंपनीची माणसं होती, आम्ही होतो. बिलं प्रत्यक्ष तपासणारी एकही व्यक्ती नव्हती. हे मला तेव्हा खटकलंही नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत 'रिक्वायरमेंट गोळा करणे' यावर आम्ही पेपर लिहिला होता, पण ती कुणाकडून गोळा करायची हे कुणी विचारलं नव्हतं.

सिस्टीम सुरू झाल्यावर सपोर्टसाठी मला तीन आठवडे एका विभागीय कार्यालयात बसवलं. तिथे आस्थापना शाखेत एक मॅडम होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक वही होती. कोणत्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड उशिरा मिळतं, कोणत्या डॉक्टरांचा शिक्का नेहमी अर्धवट उमटतो, कोणत्या निवृत्त माणसाला ऐकू कमी येतं म्हणून मुलीच्या नंबरवर फोन करायचा, सगळं त्या वहीत होतं. पूर्वी एखादा कागद कमी असला की त्या फोन लावायच्या. "काका, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स राहिलीय, मुलीबरोबर पाठवून द्या." कागद येईपर्यंत फाइल ड्रॉवरमध्ये. आला की पुढे.

आमच्या आकृतीत या फोनला चौकट नव्हती. त्यांना होते तीन दिवस. तीन दिवसांत अर्ज पुढे गेला नाही की त्यांच्या नावापुढे लाल ठिपका, आणि तो ठिपका थेट मुख्यालयात दिसायचा. फोन करून कागदाची वाट बघावी तर लाल. 'त्रुटी' दाबावं तर हिरवा.

"सर, मी दाबते," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?"

मीही दाबलं असतं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त ड्रायव्हर काका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आले. बायपासचं बिल. पैसे नातेवाइकांकडून उसने घेतलेले. अर्ज तीनदा परत आला होता. पहिल्यांदा डॉक्टरांचं प्रमाणपत्र नव्हतं. दुसऱ्यांदा प्रमाणपत्रावरचा शिक्का अस्पष्ट. तिसऱ्यांदा बिलावर पूर्ण नाव आणि सेवापुस्तकात आद्याक्षरं. सात महिने झाले होते. मी स्क्रीनवर त्यांचा अर्ज उघडला. 'प्रक्रियेतील दिवस: 2.' कारण प्रत्येक वेळी अर्ज नव्याने दाखल झाला की घड्याळ शून्यावरून सुरू होत होतं.

तिन्ही चुका पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. का सांगितल्या नाहीत? कारण कागद आहेत की नाहीत हे बघणं एका लेनचं काम, शिक्का-सही बघणं दुसऱ्या लेनचं आणि नाव जुळवणं तिसऱ्या लेनचं. पूर्ण अर्ज एकत्र बघणारं माणूस आम्ही आकृतीतून काढून टाकलं होतं. तेच माणूस वही घेऊन माझ्या शेजारी बसलं होतं.

"हे त्रुटी त्रुटी कोण लिहितं रे बाळा?" काकांनी विचारलं.

"सिस्टीम," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात सोयीचं खोटं.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर काय करणार, माणसंच पळवाट काढतात. हे मला मान्य नाही. मॅडमनी पळवाट काढली नाही, आम्ही त्यांना एकच वाट ठेवली होती. आणि घड्याळ सगळ्यांना सारखंही नव्हतं. आकृतीतल्या सगळ्यात वरच्या दोन चौकटींना वेळमर्यादा लावू नका, असं आम्हाला शेवटच्या मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. "साहेब दौऱ्यावर असतात." मी दोन ओळी कॉमेंट केल्या, साहेब मोकळे झाले. लिपिकाचा तिसरा दिवस लाल, साहेबांचा चाळिसावा दिवस बिनरंगी. याला पारदर्शकता म्हणतात.

आढावा बैठकीत सल्लागारांनी स्लाइड दाखवली: सरासरी वेळ आधी 34 दिवस, आता 4. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मीही खाल्ला.

मी जुन्या फायलींचा भक्त नाही. कागदाच्या काळात फाइल गहाळ व्हायची, ती 'सापडायला' पैसे लागायचे, आणि अर्ज कुठे अडकलाय हे कळायला ओळख लागायची. ते दिवस परत नकोत. पण घड्याळ हा काही सॉफ्टवेअरवाल्यांचा शोध नाही. कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं महाराष्ट्राचा 2005चा दफ्तर दिरंगाईविरोधी कायदा सांगतोच. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर उशिरासाठी 500 ते 5,000 रुपये दंड आहे. पण तिथेही मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणार कार्यालयच. आमचं बटण याच फटीत बसलं होतं.

मायकेल हॅमर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1990 साली एक गाजलेला लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की निरुपयोगी कामं कॉम्प्युटरवर चढवू नका, ती कामंच काढून टाका. त्याचं उदाहरण फोर्ड कंपनीचं होतं. देणी भागवणाऱ्या विभागात फोर्डकडे 500हून जास्त माणसं, माझ्दाकडे पाच. मग फोर्डने पुरवठादाराच्या बिलाची पायरीच रद्द केली. ऑर्डरप्रमाणे माल आला की पैसे. आपल्याकडे मोठ्या संस्था नेमकं उलटं करतात. एकवीस पायऱ्या असतील तर एकवीसच्या एकवीस जशाच्या तशा स्क्रीनवर आणतात, कारण प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही असते आणि सही म्हणजे मान. पुढे काही वर्षांनी हॅमरनेच कबूल केलं की इंजिनिअरच्या नजरेने बघताना माणसांची बाजू त्याच्याकडून कमी लेखली गेली. ही कबुली मात्र कुठल्याच सल्लागाराच्या स्लाइडवर मी पाहिली नाही.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, घड्याळ अर्जदाराचं असावं. पहिला अर्ज आला तिथून सुरू, खात्यात पैसे पडले की बंद, मध्ये थांबणार नाही. अर्जदाराने कागद द्यायला लावलेले दिवस वेगळे दाखवा, पण लपवू नका. दोन, त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र काढायच्या. दुसऱ्यांदा नवीन त्रुटी काढली तर ती कार्यालयाच्या नावावर. तीन, आकृती काढायच्या मीटिंगमध्ये वहीवाली मॅडम पहिल्या खुर्चीत हवी, आणि आकृती बदलायचा अधिकार तिला हवा.

यातलं काहीच तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पहिल्या दोन गोष्टी मी आठवड्याभरात लिहून दिल्या असत्या. तसा मेल मी पाठवलाही. उत्तर आलं: 'स्कोपमध्ये नाही, फेज टूमध्ये बघू.' फेज टू आली तेव्हा डॅशबोर्डचे रंग बदलायचं काम आलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण माझ्यासारखेच आहेत. दिवसा आपण कुणाच्या तरी संस्थेची आकृती काढतो, आणि रात्री घरून फोन येतो की बाबांचा अर्ज पुन्हा परत आलाय, जरा ऑनलाइन बघ ना. आपण वैतागून म्हणतो, काय भंगार सिस्टीम आहे. ती सिस्टीम कुणीतरी आपल्यासारख्यानेच लिहिलेली असते, वरून आलेलं गुपचूप ऐकून. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला असं बटण लिहायला सांगितलं, तर लिहायच्या आधी एवढंच विचारा: हे दाबल्यावर घड्याळ नक्की कुणाचं थांबतं? आणि उत्तर मेलवर मागा.