फोन चालकाचा, घाई मालकाची

वाहन चालविताना मोबाईल वापरल्यास होणारा दंड योग्य की जाचक, हा वाद सातपूरच्या चहाच्या टपरीवर निघाला की गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, टेम्पोवाले बहुधा एका बाजूला असतात. धंदा फोनवर चालतो. फोन बंद ठेवला तर खायचे काय? ही तक्रार आम्ही थट्टेवारी नेत नाही. औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात टर्निंग, दुसऱ्यात प्लेटिंग, तिसऱ्यात पावडर कोटिंग, असा एकच माल दिवसभर फिरत असतो. कधी छोट्या टेम्पोतून, कधी मोटारसायकलच्या मागे बांधून. आणि त्या मालाच्या मागे फोन लागलेला असतो: "कुठवर आलास? पार्टी थांबली आहे. चलनाचा फोटो टाक."

फोटो टाक म्हणणारा दुकानात खुर्चीवर बसलेला असतो. फोटो टाकणारा त्र्यंबक रोडवर असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात, हातात फोन धरून वापरणे स्पष्ट शब्दांत घालण्यात आले. ऑक्टोबर २०२० पासून फोनचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यापुरता आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने करण्याची मुभा आहे. महाराष्ट्राने वाढीव दंड प्रथम रोखून धरला होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो लागू झाला तेव्हा दुचाकीला १,०००, चारचाकीला २,०००, इतर वाहनांना ४,००० आणि तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,००० रुपये असे दर ठरले.

रोजंदारीवरच्या माणसाला हे आकडे जड आहेत, यात शंका नाही. दंडापेक्षा जागच्या जागी 'तडजोड' स्वस्त पडते, हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु हा दोष अंमलबजावणीचा झाला. त्यासाठी कायदाच नको म्हणणे म्हणजे वजनकाटा खोटा निघाला म्हणून तोलणेच बंद करण्यासारखे होय.

फोनमुळे असे कितीसे अपघात होतात, असाही प्रश्न विचारला जातो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये देशात १,५३,९७२ माणसे रस्त्यावर मेली. त्यांपैकी १,०४० मृत्यू मोबाईलच्या नावावर आहेत. आकडा लहान दिसतो. पण अपघातानंतर मी संदेश वाचत होतो असे कोण सांगणार? त्यापेक्षा साधा हिशेब करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला ११ मीटर जाते. पाच सेकंद संदेश वाचला की ५५ मीटर न पाहता काटले. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकाबाहेर ५५ मीटरमध्ये किती सायकली आणि किती पायी चालणारे असतात, हे सातपूरकरांना सांगावयास नको.

आता ज्या कलमाची चर्चा टपरीवर कधी होत नाही, ते पाहा. याच कायद्याचे कलम १८८ सांगते की कलम १८४ च्या गुन्ह्यास जो चिथावणी किंवा साहाय्य देईल, त्यालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा. फोन करणारा प्रत्येक मालक यात सापडेल असे मुळीच नाही. जाणूनबुजून केले, हे सिद्ध व्हावे लागते. तरी "गाडी चालवतोय शेठ, नंतर करतो" असे समोरून ऐकूनही जो बोलणे चालू ठेवतो, त्याने स्वतःला कोठे बसवावे? शिवाय कामावरच्या चालकाकडून अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाला उभे राहावेच लागते. मग दंडाचे चलन आले की रक्कम मुकाट्याने चालकाच्या पगारातून कापणे कोणत्या न्यायात बसते? कापण्यापूर्वी त्या वेळी कोणाचा फोन चालू होता, एवढे तरी पाहावे.

आमच्या मते दंड राहावा, पण जेथे वाहन धंद्याचे आणि फोनही धंद्याचा, तेथे मालकाची जबाबदारी कायद्याने अधिक स्पष्ट करावी. व्यापारी संघटनांनी ही मागणी स्वतःहून केली तर बरे दिसेल. इतरांनी ती आपल्यावर लादेपर्यंत थांबू नये. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी मोहीम निघाली तेव्हा ग्राहकाशी वाद घालण्याचे काम पंपावरच्या पोरांच्या गळ्यात पडले होते.

दुकानात मात्र आजच करण्यासारखे आहे. डिलिव्हरी चलनावर चालकाचा नंबर लिहिण्याची पद्धत पडली आहे. तेथे दुकानाचा नंबर लिहावा, पार्टीचे फोन गल्ल्यावरच्या माणसाने घ्यावेत. चालकाने माल चढविल्यावर एक आणि उतरविल्यावर एक फोन करावा. मधल्या अर्ध्या तासात पार्टी रागावली तर तिला उत्तर द्यावयास मालक दुकानात बसलेला आहेच.