अलार्म वाजला, पण ऐकणार कोण?

फायनल इयरचं प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की एक आयडिया दरवर्षी हमखास येते. पेशंटला सेन्सर लावा, रीडिंग मोबाइलवर पाठवा, लिमिट ओलांडली की अलार्म! यंदा आमच्या ग्रुपनेही तेच केलं. मला मात्र सारखी आजोबांची वही आठवत होती.

आजोबांना हार्ट फेल्युअर होतं. यात हृदय बंद पडत नाही. पंप चालू असतो, पण पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. पाणी साठलं की वजन भराभर वाढतं, म्हणून डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलेलं. आजोबा इमानदारीत वहीत लिहायचे. शेवटी चार दिवसांत तीन किलो वाढले होते. वही कुणीच उघडली नाही, मीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी ॲडमिट केलं. ते परत आले नाहीत.

हे काही आमच्याच घरचं नाही. तिरुवनंतपुरम भागातल्या १८ हॉस्पिटलांत २०१३ साली दाखल झालेल्या १२०५ पेशंटची नोंद ठेवली गेली. पाच वर्षांत त्यातले सुमारे ५९ टक्के दगावले.

मग आपलं यंत्र कामाला येईल? अमेरिकेत १६५३ पेशंटवर एक प्रयोग झाला. रोज फोन करायचा, रेकॉर्डेड आवाजाच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची. २०१० साली निकाल आला : सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं, कशातच फरक नाही. १४ टक्के लोकांनी तर एकदाही फोन केला नव्हता. याउलट जर्मनीतल्या प्रयोगात वजन, बीपी, ईसीजी रोज एका केंद्रात जायचं आणि तिथे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले असायचे. २०१८ च्या निकालात तिथे मृत्यूही कमी झाले आणि हॉस्पिटलात गेलेले दिवसही.

आपल्याकडे असं केंद्र गावोगाव कुठून आणणार, असं कुणी म्हणेल. खरंय. पण निदान रोज आकडा बघणारा घरातला एक माणूस, आणि वजन वाढलं तर फोन उचलणारी एक नर्स, एवढं तरी ठरवता येईल ना?

आमच्या ब्लॉक डायग्राममध्ये अलार्मच्या पुढे काहीच नव्हतं. सरांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. मार्क चांगले पडले. पुढच्या बॅचला एकच विनंती, सर्किट जोडण्याआधी तिथे एक चौकट काढा आणि तिच्यात माणसाचं नाव लिहा.