भिंत बांधली, पाणी कोण उपसणार?

समुद्राला भिंत घातली की वस्ती सुरक्षित झाली, असं आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं जातं की चळवळीतही हा विषय इंजिनिअरांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. मला हे मान्य नाही. हा बाईच्या श्रमाचा प्रश्न आहे, आणि वरळी कोळीवाड्याच्या निमित्ताने तो इथे मांडते आहे.

मुंबईत बहुतेक पूर येतो तो समुद्र आत घुसल्याने नव्हे, तर पावसाचं पाणी बाहेर न गेल्याने. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला, त्यात भरती. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या शहरातल्या 186 पातमुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त 6. म्हणजे भरतीला दारं बंद करायची आणि आतलं पाणी पंपाने बाहेर फेकायचं. त्यासाठीची पंपिंग स्टेशनं 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सुचवली होती. वरळीला लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर ही दोन झाली. पण माहुल आणि मोगऱ्याची 2005च्या पुराला वीस वर्षं झाली तरी पुरी झाली नव्हती. नाले आणि पंप यांच्याशिवाय नुसती भिंत म्हणजे वस्तीचं पातेलं करणं!

ते पातेलं रिकामं कोण करतं? रात्री धान्याचे डबे माळ्यावर चढवणारी, सार्वजनिक संडास तुंबल्यावर पोरीबाळींना घेऊन आडोसा शोधणारी, दोन दिवस गाळ खरवडणारी आणि तिसऱ्या दिवशी कामावर न गेल्याबद्दल खाडा सोसणारी बाई. पंचनाम्यात फ्रिज येतो, टीव्ही येतो. तिचे तीन दिवस येत नाहीत.

आता किनाऱ्याकडे बघू. कोस्टल रोडसाठी सुमारे 111 हेक्टर समुद्रात भराव घालून संरक्षक भिंत उभी केली. ती आधी रस्त्याचं रक्षण करते, हे स्पष्ट म्हणावं. कठीण भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथल्या उघड्या किनाऱ्याची झीज वाढू शकते. शिवाय भराव पडतो तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर. कालवं काढायला तिथे बायाच जातात.

वरळीच्या मच्छीमारांनी पुलाच्या खांबांमधलं अंतर वाढवण्यासाठी चिवट लढा दिला. आराखड्यातले 60 मीटर डिसेंबर 2022मध्ये 120 झाले. मागणी त्याहून जास्तीची होती, तरी हा विजयच, आणि त्यात बायाही होत्या. पण मोजमाप झालं ते बोटीच्या वाटेचं. बोटीला नोंदणी असते. कोयती आणि टोपली घेऊन खडकावर जाणारीकडे कसला कागद? मग नुकसानभरपाईच्या यादीत ती ‘घरातील सदस्य’ होते. मासळी सुकवायची जागा गेली तर तिचा धंदा गेला, असं कुठलाही आराखडा म्हणत नाही.

किनारा संरक्षणाच्या बैठकीला मी गेले आहे. वेळ दुपारी बाराची, म्हणजे मासळीबाजाराची. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तांत्रिक चर्चा आहे, महिलांचा कार्यक्रम वेगळा ठेवू.’ हळदीकुंकू ठेवणार असतील!

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक किनारी वॉर्डात आपल्या गटांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. भिंतीच्या खर्चाशेजारी नाले आणि पंपांचा खर्च दाखवा. ओहोटीला खडकावर कोण उतरतं, याची उधाणाच्या आणि भांगाच्या दोन्ही दिवसांत मोजणी करा. आणि भरपाईचा अर्ज बाईच्या नावाने वेगळा घ्या, नवऱ्याची सही न मागता.