एक फिल्म परत आली, एक नाही

एखादी वस्तू दुकानातून नाहीशी झाली आणि सहा वर्षांनी पुन्हा दिसू लागली, असं कधी पाहिलंय? फोटोग्राफीच्या जगात असंच घडलं. त्या वस्तूचं नाव एक्टाक्रोम. ही कोडॅक कंपनीची रंगीत स्लाइड फिल्म. २०१२ साली कंपनीने ती बंद केली आणि २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. तिची थोरली बहीण कोडाक्रोम मात्र गेली ती गेलीच. एक परत आली, दुसरी का नाही? आज तेच पाहू या.

आधी स्लाइड म्हणजे काय ते समजून घेऊ. मोबाइल येण्यापूर्वी कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. नेहमीचा रोल धुवून आणला की हाती यायची निगेटिव्ह. तिच्यात सगळं उलटं! काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळपट. मग तिच्यावरून कागदावर फोटो काढायचा. स्लाइडचं तसं नाही. तिच्यात रंग जसेच्या तसे दिसतात. कॅमेऱ्यातली फिल्मच धुवायची, कापायची आणि छोट्या चौकटीत बसवायची. प्रोजेक्टरमध्ये घालून दिवा लावला, की भिंतभर चित्र! २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरताना बिल अँडर्स या अंतराळवीराने उगवत्या पृथ्वीचा जगप्रसिद्ध फोटो काढला. तो एक्टाक्रोमवरच बरं का!

पण हे रंग उमटतात कसे? समजा, तुम्ही लाल जास्वंदीचा फोटो काढलात. फिल्ममध्ये मुख्य थर तीन. एकाला निळा प्रकाश कळतो, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला लाल. जास्वंदीचा लाल प्रकाश फक्त तिसऱ्या थरावर काम करतो. फिल्म धुताना पहिल्या रसायनात, जिथे प्रकाश पडला तिथे काळी चांदी तयार होते. त्यानंतर, जिथे प्रकाश पडला नव्हता त्या उरलेल्या जागी रंग तयार होतो. पहिल्या थरात पिवळा, दुसऱ्यात किरमिजी, तिसऱ्यात निळसर हिरवा. शेवटी सगळी चांदी धुवून काढतात. आपल्या फुलाच्या जागी तिसऱ्या थरात रंग तयारच झाला नाही. उरले पिवळा आणि किरमिजी. रंगपेटीतले हे दोन रंग एकमेकांत मिसळून बघा. काय मिळालं? लाल!

आता दोघी बहिणींमधला फरक ऐका. एक्टाक्रोममध्ये रंग घडवणारे पदार्थ कारखान्यातच फिल्मच्या थरांत भरलेले असतात. त्यामुळे ती धुणं त्यामानाने सोपं. थोडी रसायनं, एक छोटी टाकी आणि पाण्याचं तापमान नीट सांभाळणारा माणूस असला तरी काम होतं.

कोडाक्रोमचं तसं नव्हतं. १९३५ साली आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघांनी शोधली. गंमत म्हणजे दोघेही संगीतकार! एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. त्यांच्या फिल्ममध्ये रंगाचे पदार्थ नव्हतेच. धुताना तिन्ही थरांना वेगवेगळ्या टप्प्यांत रंग द्यावे लागत. त्यासाठी मोठं यंत्र हवं, जाणकार रसायनतज्ज्ञ हवा. रंग मात्र असे टिकाऊ, की अंधारात नीट ठेवलेल्या जुन्या स्लाइड अनेक दशकांनंतरही टवटवीत दिसतात.

डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मचा खप घसरला. २००९ साली कोडॅकने कोडाक्रोम बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला मिळाला. चित्रं फक्त ३६! त्याने काही न्यूयॉर्कमध्ये काढली, काही आपल्या मुंबईत आणि राजस्थानात. मग रोल घेऊन तो स्वतः अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावी गेला. कारण कोडाक्रोम धुणारी प्रयोगशाळा साऱ्या जगात तेवढी एकच उरली होती. ३० डिसेंबर २०१० नंतर तिनेही रोल घेणं थांबवलं. आज कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम सापडला, तर सहसा त्यातून काळं-पांढरं चित्रच काढता येतं. त्यातले रंग आणणं आता फार कठीण.

एक्टाक्रोमही २०१२ साली बंद पडली. पण तिला धुण्याची जी पद्धत होती, तीच पद्धत जपानच्या फुजी कंपनीच्या वेल्व्हिया आणि प्रोव्हिया या स्लाइड फिल्मना चालत होती. म्हणून देशोदेशींच्या प्रयोगशाळा सुरू राहिल्या, रसायनं मिळत राहिली. म्हणजे बघा, प्रतिस्पर्ध्यानेच वाट मोकळी ठेवली! जुन्या फिल्मची ओढ पुन्हा वाढू लागली, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये एक्टाक्रोम परत आणण्याची घोषणा झाली. तरी काम सोपं नव्हतं. जुन्या कृतीतले काही पदार्थ आता कुणी बनवतच नव्हतं. ते नव्याने मिळवायचे, पुन्हा पुन्हा थर चढवून पाहायचे, असं करत सप्टेंबर २०१८ उजाडला.

एखाद्या गावात एका लोणच्याची कृती एकाच आजीला येत असेल, तर आजीबरोबर ते लोणचंही जातं. आळीतल्या दहा घरी येत असेल, तर एका घरात बंद झालं तरी दुसरीकडे सापडतं. कोडाक्रोमची विद्या शेवटी एकाच ठिकाणी उरली. एक्टाक्रोमची अनेकांच्या हातात राहिली.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या जुन्या ट्रंकेत, माळ्यावर चौकटीत बसवलेल्या स्लाइड आहेत का, ते मोठ्यांना विचारा. साधारण ५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकट असते. सापडल्या तर कडेला धरा, मधल्या चित्राला बोट लावू नका. खिडकीशी उभं राहून आकाशाच्या उजेडात पाहा, सूर्याकडे मात्र नको. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कोरड्या डब्यात ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आजी-आजोबांना शेजारी बसवून विचारा, "हे कोण? हे कुठलं गाव? साल कोणतं?" ते सांगतील तसं चौकटीच्या कडेवर पेन्सिलीने लिहून ठेवा. काय सापडलं ते आम्हालाही नक्की कळवा!