काकडीचा नवस आणि सांता आनाची लेक

मैत्रिणींनो, नवस आपल्याला काही नवा नाही. माहूरच्या रेणुकेला, तुळजापूरच्या भवानीला, मालेगावच्या खंडोबाला आपल्या सासवा-आजेसासवांनी काय काय बोलून ठेवलेलं असतं! कुणी पाळणा वाहतं, कुणी बाळाच्या वजनाएवढा गूळ वाटतं. पण काकडीचा नवस कधी ऐकलाय?

गोव्यात तिसवाडी तालुक्यात तळावली नावाचं गाव आहे. तिथं सांता आनाचं, म्हणजे संत ॲनाचं सतराव्या शतकातलं मोठं देखणं चर्च आहे. २६ जुलै हा या संताचा दिवस. त्याच्या आसपासच्या रविवारी तिथं ‘तवशांचं फेस्त’ भरतं. तवसं म्हणजे काकडी. मूल होत नसलेली जोडपी सांता आनापुढे काकडी ठेवतात. लग्न जमत नसलेला मुलगा चमचा ठेवतो, मुलगी उडीद ठेवते. यामागं पोर्तुगीज भाषेतलं यमक आहे. काकडी म्हणजे ‘पेपीनु’ आणि मुलगा म्हणजे ‘मेनीनु’. चमच्याचं यमक बायकोशी जुळतं, उडदाचं नवऱ्याशी. ‘हे घे आणि ते दे’ असा सरळ व्यवहार! या फेस्ताला हिंदू बायकाही जातात. नवसाला जात-धर्म कुठं असतो?

आपल्या नांदेड-लातूरकडे ख्रिस्ती घरं थोडी, त्यामुळे ही संत कोण हे बऱ्याच जणींना माहीत नसणार. येशूची आई मरियम, आणि मरियमची आई ही ॲना. म्हणजे येशूची आजी. गंमत अशी, की बायबलमध्ये तिचं नावही नाही. तिची गोष्ट येते दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या एका पुस्तकात. चर्चनं ते पुस्तक बायबलमध्ये घेतलं नाही, पण लोकांनी गोष्ट सोडली नाही. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहानं कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिच्या नावानं चर्च बांधलं. पुढे ती आयांची, आज्यांची आणि मूल नसलेल्या बायकांची संत झाली.

ती गोष्ट वाचली तेव्हा मला वाटलं, ही तर आपल्याच गल्लीतली.

ॲनाचा नवरा योवाकीम. पैसेवाला माणूस, दानधर्मात हात सैल. सणाच्या दिवशी तो देवाला दान द्यायला जातो, तर एक जण त्याला सगळ्यांदेखत अडवतो. तुला मूलबाळ नाही, तू आमच्या आधी दान द्यायचं नाहीस! योवाकीम इतका खचतो, की बायकोला न सांगताच रानात निघून जातो आणि चाळीस दिवस उपाशी बसतो. इकडं ॲना घरात एकटी. नवरा गेला कुठं ते ठाऊक नाही, पदरात मूल नाही. घरातली मोलकरीणसुद्धा तिला टोमणा मारते, की देवानंच तुझी कूस बंद केलीय, मी वेगळा शाप काय देऊ? मग ॲना लग्नातले कपडे घालून बागेत जाते. झाडावर चिमणीचं घरटं दिसतं आणि तिला रडू फुटतं. पाखरांना पिल्लं आहेत, जनावरांना आहेत, जमिनीलाही पीक येतं, मग मीच कशी अशी?

बायांनो, जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीचं लिखाण आहे हे. आणि आज? डोहाळजेवणाचं बोलावणं गल्लीत सगळ्यांना जातं, एका घराला नाही. ओटी भरताना एकीला हळूच मागं सारलं जातं. बचत गटाच्या कामात फिरताना असे चेहरे मी किती तरी पाहिलेत. त्यांना मागं सारणाऱ्या आपणच असतो, पुरुष नसतात तिथं.

गोष्टीत पुढे देवदूत येतो, ॲनाला दिवस जातात. ती म्हणते, मुलगा होवो की मुलगी, मी ते लेकरू देवाला देईन. आणि होते मुलगी! सुईण ‘मुलगी झाली’ सांगते तेव्हा ॲनाचा चेहरा पडत नाही, तिला धन्य वाटतं. आपल्या मुसलमान शेजारणींना विचारा, त्यांच्याकडेही ही माउली आहे. कुराणात तिला इम्रानची बायको म्हटलंय. पोटातलं मूल ती देवाला वाहते. मुलगी झाली म्हणून क्षणभर गोंधळते, पण देव त्या मुलीचा मोठ्या मायेनं स्वीकार करतो.

म्हणजे बघा, जिच्यापुढे ‘मेनीनु’ दे म्हणून काकडी ठेवायची, तिची स्वतःची लेक ही मुलगीच. युरोपातल्या जुन्या चित्रांत आणि मूर्तींत ॲना अनेकदा कशी दिसते ठाऊक आहे? पुस्तक धरून मुलीला वाचायला शिकवताना. आणि आपल्याकडे? लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. गर्भलिंग तपासणी बंद करणारा कायदा १९९४ चा, तरी ही गत. नवस बोलतानाही ‘मूल दे’ असं कुठं म्हणतो आपण? ‘मुलगा दे’ म्हणतो.

गोष्टीतला एक भाग मात्र मला पटत नाही, तोही सांगते. मरियम तीन वर्षांची झाल्यावर आईबाप तिला मंदिरात नेऊन सोडतात, बोललेला नवस फेडायला. आपल्याकडे खंडोबाला अशाच मुली वाहिल्या जायच्या. त्यांच्या मुरळ्या व्हायच्या, आणि त्यांच्या आयुष्याचं पुढे काय व्हायचं ते जुन्या बायकांना विचारा. त्याविरुद्ध आधी १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा झाला, मग महाराष्ट्राचा २००५ चा. आईबापानं नवस बोलायचा आणि लेकीनं तो जन्मभर फेडायचा, हे संताच्या घरचं असलं तरी मला गोड लागत नाही.

पण योवाकीमचं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. मूल नाही म्हणून त्या गोष्टीत नवऱ्यालाही बोल लागतो. आपल्याकडे बोल लागतो तो बायकोलाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं, की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि डॉक्टर सांगतात, की साधारण निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडंही असतं, कधी एकट्याकडं, कधी दोघांकडं. तरी होतं काय? सून सोनोग्राफी करते, क्युरेटिंग करते, दुर्बिणीची तपासणी करते, गंडेदोरे बांधते, सोळा सोमवार धरते. आणि नवऱ्याची वीर्याची साधी तपासणी, जिला ना भूल लागते ना टाका, ती वर्षानुवर्षं राहूनच जाते. सासू म्हणते, ‘माझ्या लेकात काही खोट नाही.’ अहो, तपासल्याशिवाय कळलं कसं तुम्हाला?

तळावलीला काकडी न्यायला नवरा-बायको जोडीनं जातात, हे मला आवडलं. दवाखान्यातही तसंच जोडीनं जावं. पहिल्याच फेरीत दोघांचीही तपासणी करून घ्यावी. नवस बोलायचा तर खुशाल बोला, माझी काही हरकत नाही, मीही बोललेय. फक्त बोलताना ‘मूल’ म्हणा. आणि तपासणीसाठी नवऱ्याला राजी करायचं काम सुनेवर टाकू नका, ते सासूनं करावं. आईचं तो ऐकतो.