तार गेली, दावे राहिले!

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी दुकाने व आस्थापना यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास संमती दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून, कामगार संघटनांच्या व्यासपीठांवरून आणि लोकलच्या डब्यांतून बरेच रण माजले. नऊ की दहा, हा त्या रणाचा विषय होता. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या हातून मुख्य प्रश्न निसटला. दिवस नऊ तासांचा असो वा दहा तासांचा, तो संपतो केव्हा? माणूस कचेरीच्या दारातून बाहेर पडला म्हणजे त्याचे काम संपले, असे धरून चालून आपले कामगार कायदे लिहिले गेले. ती समजूत बिनतारी जाळ्याने गेल्या वीस वर्षांत पार खोटी पाडली आहे. चर्चगेटला संध्याकाळची गाडी पकडणारा नोकरदार अंधेरी येईपर्यंत दोन पत्रांना उत्तरे देतो, बोरिवलीला साहेबांचा फोन घेतो आणि विरारला उतरता उतरता उद्याच्या बैठकीचा तक्ता धाडून मोकळा होतो. हा दीड तास कोणत्या हजेरीपटात मांडला जातो?

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. आम्ही यंत्राचे वैरी नाही. दूरध्वनीच्या जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहत बसलेली पिढी अजून हयात आहे, आणि तिला तारांचे प्रेम वाटण्याचे काहीच कारण नाही. बिनतारी साधनांनी व्यापार-उद्योगाचे जे कल्याण केले ते थोर आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मात्र ते कल्याण नेमके कशामुळे झाले याचा शोध घेणारे थोडेच. तो शोध घ्यावयाचा तर मुंबईचा मोह क्षणभर सोडून उत्तर केरळच्या किनाऱ्यावर जावे लागेल.

कोळिकोड, कण्णूर आणि कासारगोड या जिल्ह्यांतील तारली पकडणारे मच्छीमार पूर्वी सहसा आपल्याच गावच्या किनाऱ्यावर मासळी विकीत. बाजार पहाटे पाच ते आठ एवढाच. माल नाशवंत, इंधन महाग. शेजारच्या किनाऱ्यावर भाव काय फुटला आहे हे भर समुद्रात कळावयास मार्ग नव्हता. आणि येथे गिऱ्हाईक नाही म्हणून तेथे जावे, तर पोचेपर्यंत बाजार उठलेला. जानेवारी १९९७ मधील एका सकाळी वडकरा येथे ११ मच्छीमारांवर पकडलेली मासळी फेकून देण्याची पाळी आली होती; त्याच वेळी १५ किलोमीटरांच्या आतल्या बाजारांत २७ गिऱ्हाइके मासळीविना परत फिरण्याच्या बेतात होती! रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या किनाऱ्याचा कित्येक वर्षे अभ्यास करून २००७ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला, त्यातील ही हकीकत आहे. पुढे १९९७ ते २००० या काळात एकेका जिल्ह्यात मोबाइलचे मनोरे उभे राहिले. त्यांच्या लहरी किनाऱ्यापासून २०-२५ किलोमीटर आत समुद्रावर पोचत. बघता बघता निम्म्याहून अधिक होड्यांवर फोन आले, आणि होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वीच मासळीचा सौदा ठरू लागला. पूर्वी पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के वाया जात असे, ती नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडू लागली. विकणाऱ्याला अधिक आणि घेणाऱ्याला स्वस्त, असा योग अर्थशास्त्रात क्वचितच जुळून येतो.

हा योग कशाने जुळला? सरकारने कोणतीही योजना आखली नव्हती, कोणा भांडवलदाराने दया दाखविली नव्हती. फोन मच्छीमाराने स्वतःच्या पैशाने घेतला होता. कोणाला फोन करावयाचा हे तो ठरवी, भाव तो ठरवी, कोणत्या किनाऱ्याला होडी लावावयाची हेही तोच ठरवी. आणि काम आटोपले म्हणजे फोन बंद करून झोपण्याची त्याला मुभा होती. साधन ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्याची किल्ली. आमच्या साऱ्या विवेचनाचा कणा हा एवढाच आहे.

आपल्या शहरांतही आरंभी हेच घडले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता, आणि आलेला फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. तेव्हा ते साधन शेठजींच्या खिशातले भूषण होते. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले आणि चित्र पालटले. गल्लीतला नळकाम करणारा, विजेची दुरुस्ती करणारा, रंगारी, सुतार, हे सारे तोवर वाण्याच्या दुकानात निरोप ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहत. त्यांचे दुकान आता त्यांच्या खिशात आले. निरोपासाठी कोणाचे उपकार घ्यावयास नकोत की नाक्यावर सकाळभर उभे राहावयास नको. पुढे जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने वायफायच्या कमी शक्तीच्या लहरींवरचे परवान्याचे बंधन उठविले, आणि कचेऱ्या, इस्पितळे, गोदामे यांतून तारा दिसेनाशा झाल्या. भिवंडीच्या गोदामातील कामगार हातातले यंत्र खोक्यावरच्या पट्ट्यावर धरतो, तोच मालाची नोंद होते. न्हावाशेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरला बिनतारी बिल्ला लावला जातो आणि पेटी कोठवर पोचली हे मालकाला घरबसल्या समजते. यातून वेळ वाचला, चुका टळल्या, भांडवल अडकून पडण्याचे दिवस घटले. याला फायदा नव्हे तर काय म्हणावयाचे?

पण येथपर्यंत वस्तू फिरत होत्या. यानंतर कचेरीच फिरू लागली, आणि हिशेब गुंतागुंतीचा झाला.

चीनमधील शांघायच्या एका मोठ्या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस एक प्रयोग केला. गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या स्वयंसेवक कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना, जन्मतारीख सम की विषम एवढे पाहून, नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम करू दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. जागेचे भाडे वाचले ते निराळेच. हे आकडे उद्योगपतींच्या संमेलनांत मोठ्या उत्साहाने सांगितले जातात. त्यांचा पोटविभाग मात्र सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. त्या १३ टक्क्यांपैकी ९ टक्के वाढ कर्मचारी पाळीत अधिक मिनिटे बसले म्हणून झालेली होती. सुट्ट्या कमी, आजारपणे कमी, मधली विश्रांती कमी. प्रयोग संपल्यावर निवड करण्याची मोकळीक दिली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी सुमारे निम्मे एकटेपणाला कंटाळून कचेरीत परतले. त्याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला दोन दिवस घरी, तीन दिवस कचेरीत, अशी ती वाटणी होती. कामात घट झाली नाही, बढत्यांत फरक पडला नाही, आणि राजीनामे एक-तृतीयांशाने घटले. ज्या व्यवस्थापकांना आरंभी हे खूळ वाटत होते त्यांनीही मत बदलले. बिनतारी जाळ्याने उद्योगाला द्यावयाचा तो खरा लाभ हाच, की शिकवून तयार केलेला माणूस टिकतो. आणि तो टिकतो, कारण आपल्या दिवसाचा काही भाग आपल्या मुठीत आहे असे त्याला वाटते.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुण्या-मुंबईच्या लाखो घरांतील जेवणाची टेबले एका रात्रीत कचेऱ्या झाली. विजेचे बिल घरचे, पंखा घरचा, इंटरनेटचे पैसे पुष्कळ ठिकाणी घरचेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने दूरध्वनीवरून सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नोंदणीची जाचक अट रद्द केली आणि घरून वा कोठूनही काम करण्याचा मार्ग मोकळा केला. निर्णय चांगला होता. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु साथ ओसरली आणि एकेक कंपनी आपल्या माणसांना पाचही दिवस कचेरीत बोलावू लागली. यालाही आमचा तत्त्वतः विरोध नाही. शेजारी बसून शिकण्यासारखे पुष्कळ असते, आणि नव्या मुलांना तर ते हवेच. प्रश्न निराळा आहे. माणसे परत बोलाविली, पण टाळेबंदीत लागलेली रात्रीची सवय परत केली का? सकाळी नऊला दारावर बोटाचा ठसा हवा, आणि रात्री साडेदहाला आलेल्या संदेशाला पाच मिनिटांत उत्तरही हवे! कचेरीची शिस्त हवी तर कचेरीची वेळ पाळा. बिनतारी लवचीकता हवी तर ती दोन्ही बाजूंनी वाकू द्या. दोन्ही हातांत लाडू धरावयाचे आणि समोरच्याला ताटातले खरकटे दाखवावयाचे, या व्यवहाराला आधुनिक व्यवस्थापन म्हणण्याची आमची तयारी नाही. गुरे चरावयास सोडताना दावे लांब केले म्हणजे ती मोकळी झाली, असे शेतकरी कधी समजत नाही. सुशिक्षित नोकरदार मात्र तसे समजून चालला आहे.

ज्याच्या हाती कचेरीसुद्धा नाही, त्याची दशा तर याहून बिकट. आपल्या दारी जेवणाचे पुडके घेऊन येणाऱ्या तरुणाची दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, फोन त्याचा. वाटेत तो कोठे थांबला हे मात्र कंपनी पाहते. मच्छीमाराच्या फोनहून हा फोन यंत्र म्हणून तसूभरही कमी नाही, पण येथे भाव ठरविणारा तो नव्हे. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणनिधीत भरावी असे तिने ठरविले. हे पाऊल उशिरा का होईना पडले. कामाच्या तासांविषयी त्याला अजून कोणी विचारलेले नाही.

यावर उद्योगपतींचे ठरलेले उत्तर आम्हांस ठाऊक आहे. गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, त्याची सकाळ ती आपली रात्र. वेळेचे खूळ धरले तर काम दुसऱ्या देशात जाईल. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण रात्रीच्या गिऱ्हाइकासाठी रात्रपाळी लावता येते. गिरण्यांच्या मुंबईला पाळी म्हणजे काय हे सांगावयास नको. पाळी लावली तर माणूस वाढवावा लागतो आणि पगार मोजावा लागतो. फोनवर तेच काम फुकट होते. अडचण अमेरिकेच्या घड्याळाची कमी आणि आपल्या ताळेबंदाची अधिक आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करण्याचे बंधन घातले. ऑस्ट्रेलियाने २६ ऑगस्ट २०२४ पासून अवाजवी संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने दिला. त्या देशांतील व्यापार बुडाल्याची वार्ता आमच्या वाचनात आलेली नाही.

आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच हक्काचे विधेयक लोकसभेत मांडले होते. ते खासगी विधेयक. आणि १९७० नंतर आपल्या संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे पुढे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून दिल्लीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतले करावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारून रविवारच्या सुट्टीसाठी लढा दिला, आणि १० जून १८९० पासून ती सुट्टी पदरात पाडून घेतली. हा इतिहास याच शहराचा आहे. आज तोच रविवार खिशातील यंत्राने दुपारच्या जेवणाआधीच गिळलेला असतो.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट वेतनाची तरतूद आहे. त्याच कायद्यातून व्यवस्थापकीय, देखरेखीच्या व विश्वासाच्या जागा वगळलेल्या आहेत. आणि हल्ली दोन वर्षे नोकरी केलेल्या मुलाच्या नावापुढेही ‘मॅनेजर’ लागते, हा योगायोग समजण्याइतके आम्ही भोळे नाही. तेव्हा सरकारला दहा तासांची मर्यादा हवी असेल तर तिच्याबरोबर तीन गोष्टी कायद्यात लिहिल्या जाव्यात. पाळी संपल्यानंतर मालकाच्या सांगण्यावरून फोनवर वा संगणकावर केलेले काम हे जादा कामच समजले जावे. त्याची नोंद ठेवण्याचा भार मालकावर असावा. ज्या यंत्रणेला कर्मचारी शेवटचा कधी दिसला हे सेकंदापर्यंत ठाऊक असते, तिला ही नोंद जड जाऊ नये. आणि वगळलेल्या जागा हुद्द्याच्या नावावरून नव्हे, तर हाताखालची माणसे व प्रत्यक्ष अधिकार पाहून ठरविल्या जाव्यात. दहाव्या तासाला मत देणाऱ्या आमदारांनी अकराव्या तासाचे काय करावयाचे, हेही विधानसभेत उभे राहून सांगावे.